मासे आवडतात म्हणजे?

"मला मासे आवडतात" हे वाक्य आपल्याकडे जपून बोलावं लागतं. ऐकणारा लगेच विचारतो, "तळलेले की कालवणातले?" म्हणून घरात काचेची पेटी आणली तेव्हा वाटलं, चला, आपली आवड एकदाची सोवळ्यात आली!

मग ह्या सोवळ्याचा इतिहास वाचला. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की काचेच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या, तर पाणी न बदलताही त्यांचा संसार चालतो. १८५४ मध्ये फिलिप गॉसचं 'द अ‍ॅक्वेरियम' आलं आणि पेट्या इंग्रजांच्या दिवाणखान्यात शिरल्या. गॉस बिचारा देवभक्त, निसर्गवेडा. त्याने लोकांना समुद्रकाठ बघायला शिकवलं. लोक गेले, त्यांनी बघितलं, आणि जे आवडलं ते उचलून घरी आणलं! खडकांमधली जिवंत डबकी ओस पडली. गॉसला ह्याचं फार वाईट वाटलं, असं त्याच्या मुलाने, एडमंडने, १९०७ च्या 'फादर अँड सन'मध्ये लिहून ठेवलंय.

खाणारा निदान पोट भरल्यावर थांबतो. आवडणाऱ्याला पोटच नसतं!

परवा नातू दुकानातल्या निळ्या माशाकडे बोट दाखवून म्हणाला, "आजोबा, हा पण घेऊ या!"

"आवडला ना? मग नुसता बघ."

तो डोळे वटारून, तोंडाचा चंबू करून माझ्याकडे बघत राहिला. आमच्या पेटीतले मासे रोज बघतात, अगदी तस्साच.