अजून बरं नाही वाटत का?



मिस्सा संपल्यावर चर्चच्या दाराशी आपण एकमेकांची विचारपूस करतो. ही चांगली रीत आहे. पण त्यातला एक प्रश्न काही जणांना फार जड जातो, आणि तो विचारणाऱ्यांत मीही होतो : "अजून बरं नाही वाटत का?"

आपल्या धर्मग्रामातील एका ताईंविषयी लिहितो. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र लिहीत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती विभागात, म्हणजे आपल्याच भागात, कोरोना पुन्हा वाढला तेव्हा त्या आजारी पडल्या. ऑक्सिजन लागला नाही. पंधरा दिवसांत ताप उतरला आणि घरच्यांनी देवाचे आभार मानले. पण पूर्वीच्या ताई काही परत आल्या नाहीत. दिवसभर कापूस वेचणारी ही बाई आता एक दिवस निंदायला गेली की पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळते. बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. चार पायऱ्या चढल्या की छाती धडधडते. रक्त तपासले, छातीचा फोटो काढला, रिपोर्ट सगळे नॉर्मल. मग घरातच कुजबुज सुरू झाली की हिला कामाचा कंटाळा आला आहे.

मी त्यांना म्हणालो, "ताई, श्रद्धा ठेवा. नाताळपर्यंत ठणठणीत व्हाल." त्या म्हणाल्या, "फादर, प्रार्थना तर रोज करून राहिली मी, पण अंगच साथ देऊन नाही राहिलं." नाताळ आला आणि गेला. त्यानंतर त्या मिस्साला दिसेनाशा झाल्या. मला वाटले, श्रद्धा ढळली. खरे कारण पुष्कळ दिवसांनी कळले. चर्चपर्यंत चालणे आणि गुडघे टेकणे झाले की सोमवार-मंगळवार वाया जात होता. शिवाय दाराशी आम्हा सर्वांना उत्तर द्यावे लागत होते.

या दुखण्याला 'लाँग कोविड' म्हणतात. हे नाव डॉक्टरांनी दिलेले नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटलीच्या पुरातत्त्व संशोधक बाईंनी स्वतःच्या आजाराबद्दल लिहिताना ते वापरले, आणि जगभरच्या आजाऱ्यांनी ते उचलले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली ऑक्टोबर २०२१ मध्ये. कोरोना झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणे, असा तिचा आशय आहे. म्हणजे दीड वर्ष आजारी माणूस खरे सांगत होता आणि कागद मागे होता. हा कोणाचा दोष नव्हे. आजही एका रक्ततपासणीने हा आजार सिद्ध होत नाही.

इथे नीतीचा प्रश्न येतो. माझे दुखणे मला पुराव्याशिवाय कळते. तुमचे दुखणे मला कळायचे तर तुमच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून दुसरा मार्ग नाही. २००६ साली चिकनगुन्या आला होता, आठवते? ताप गेल्यावरही लोकांचे सांधे महिनोन् महिने धरलेले असत. तेव्हा कोणी कोणाला कामचुकार म्हटले नाही, कारण अख्खी गल्लीच लंगडत होती. एकटा माणूस लंगडतो तेव्हा मात्र आपण रिपोर्ट मागतो. कोणी म्हणेल, फादर, एखादा सोंगही करील. करील. तेव्हा माझी थोडी फसगत होईल. पण खऱ्या आजाऱ्याला खोटे ठरवले तर त्याचे माणसांतून उठणेच होते. या दोन चुका एका मापाच्या नाहीत.

आता आशेविषयी. संत थॉमस अक्वायनस यांनी आशेच्या विषयाची चार लक्षणे सांगितली : तो चांगला असतो, पुढे यायचा असतो, मिळण्यास कठीण असतो, आणि तरीही शक्य असतो. सेमिनरीत हे मी परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यातला 'कठीण' हा शब्द या ताईंमुळे कळला. कठीणपणा वगळला की उरतो फाजील भरवसा, आणि तोही निराशेइतकाच आशेविरुद्धचा अपराध आहे. नाताळची तारीख देऊन मी देवाच्या नावावर वायदा केला होता. तो चुकल्याची लाज मात्र ताईंच्या वाट्याला आली. खरे एवढेच सांगता येते की अनेकांना हळूहळू उतार पडतो, काहींचे दुखणे वर्षानुवर्षे रेंगाळते, आणि सर्वांना लागू पडेल असे खात्रीचे औषध अजून हाती नाही. श्रम केल्यावर ज्यांचा त्रास वाढतो, त्यांनी रेटून काम करू नये, झेपेल तेवढेच करावे.

मार्कच्या शुभवर्तमानात आठव्या अध्यायात बेथसैदाचा आंधळा भेटतो. प्रभू येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसते का? तो म्हणतो की माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. मला या माणसाच्या धैर्याचे नवल वाटते. समोर साक्षात प्रभू असताना 'सगळे स्वच्छ दिसते' असे म्हणून मोकळे होणे किती सोपे होते! तो अर्धेच दिसते म्हणाला. प्रभू त्याला अल्पविश्वासी म्हणत नाही. पुन्हा हात ठेवतो. इतर कोणत्याही चमत्कारात असे दोन टप्पे नाहीत. 'अजून नाही' हे उत्तर त्याने दिले नसते, तर दुसऱ्या स्पर्शाला जागा कुठे होती?

आजाऱ्यांचा अभ्यंग केवळ मरणाऱ्यांसाठी आहे असे आपल्याकडे अजून अनेकांना वाटते. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली या संस्काराचा विधी नव्याने दिला. गंभीर आजारात तो घेता येतो, आणि प्रकृती अधिक बिघडली तर पुन्हाही घेता येतो. आजाऱ्याला रविवारच्या मिस्साचे बंधन नाही. गुडघे टेकवत नसतील त्यांनी बसून राहावे, शेजाऱ्याने वळून पाहू नये.

ताईंच्या घरी मी आता कम्युनियन घेऊन जातो. पहिल्यांदा सोमवारी येतो म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "सोमवारी नका येऊ फादर, त्या दिवशी कपडे असतात, मंग बोलणं होत नाही. बुधवारी या." बुधवारी जातो. मागच्या वेळी त्यांनी स्वतः चहा केला, आणि मग भिंतीला टेकून बसल्या.