गावातल्या गावातच

उतारावर ब्रेक न लागल्याने अपघात झालेल्या एका गाडीची बातमी तुम्ही वाचली असेल. फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरले, त्यामुळे तो तपशील पुन्हा उगाळत नाही. माझा संताप झाला तो नंतर आलेल्या चार ओळींनी. ‘ब्रेक लागलेच नाहीत,’ असे चालकाने सांगितले आणि तिथे विषय मिटला. नेमके काय झाले ते तपासात निघेल, त्याबद्दल मला आज काही म्हणायचे नाही. मला म्हणायचे आहे ते आपल्याबद्दल. एवढ्या उत्तराने आपले समाधान होते. त्या गाडीच्या ब्रेकचे पॅड शेवटचे कधी बदलले होते, कुणी बसवले होते, कुठून आणले होते, हे विचारावे असे आपल्याला वाटतसुद्धा नाही.

ब्रेक पॅड एका दिवसात संपत नाहीत. नव्या पॅडवर घासणारा थर साधारण दहा मिलिमीटर असतो. तो तीन मिलिमीटरवर आला की बदलायचा, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. दहाचे तीन व्हायला हजारो किलोमीटर जातात. बऱ्याच पॅडवर पत्र्याची एक छोटी पट्टी मुद्दाम ठेवलेली असते. थर संपत आला की ती डिस्कला घासते आणि चिरकते. म्हणजे गाडी आपण होऊन ओरडून सांगते. आपण काय करतो? काच वर घेतो आणि गाण्याचा आवाज वाढवतो.

याच आठवड्यात एका गॅरेजमध्ये जे पाहिले ते सांगतो. एका लहान गाडीचे पुढचे डावे चाक उतरवलेले होते. पॅड धरून ठेवणारा कॅलिपर उघडून मेकॅनिकने दोन्ही पॅड बाकावर ठेवले होते. बाहेरच्या पॅडवर अजून थर शिल्लक होता. आतला मात्र पार लोखंडापर्यंत गेला होता आणि डिस्कच्या आतल्या बाजूला गोल चरे पडले होते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकून जाम झाल्या की असे होते. आतला पॅड एकटाच घासत राहतो आणि चाक न काढता बाहेरून पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसते. गाडीच्या मालकाने बाहेरचा पॅड उचलला, बोटाने चाचपला आणि म्हणाला, ‘अजून आहे की! गावातल्या गावातच तर फिरते गाडी. पॉलिशपेपर मारून द्या, आवाज गेला म्हणजे झालं.’ त्या गाडीत नवाकोरा दुहेरी हॉर्न होता. सीट कव्हरवरचे प्लॅस्टिकही अजून काढलेले नव्हते.

हॉर्नबद्दल मी या स्तंभात पूर्वीही लिहिले आहे आणि पुन्हा लिहीन. थांबायची ऐपत नसलेला माणूसच समोरच्याला बाजूला हो म्हणून ओरडतो.

पण ‘गावातल्या गावातच’ हे जे कारण आहे, ते आज मला सोडायचे नाही. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, पनवेलला, जिथे जाल तिथे हेच ऐकू येते. शिकलेली माणसे सांगतात आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर काटकसरीचे समाधान असते. हायवेवर जाणाऱ्याने ब्रेकची चिंता करावी, आम्ही काय, बँक, भाजी आणि क्लास!

अहो, ब्रेक झिजतात ते गावातच. हायवेला चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी मैलोन्‌मैल जाते, ब्रेकवर पाय क्वचित पडतो. गावात प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक गतिरोधकाला, दुकानासमोर तिरकी लावलेली प्रत्येक स्कूटर चुकवताना पाय ब्रेकवरच असतो. जो गावातल्या गावात फिरतो त्याचे पॅड आधी संपतात. ज्या कारणासाठी पॅड लवकर बदलायला हवेत, तेच कारण हा माणूस न बदलण्यासाठी पुढे करतो आणि समोरचाही मान डोलावतो.

बरे, गावात समोर येते कोण? ताशी चाळीसच्या वेगाने गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. हा वेग कुणालाच वेग वाटत नाही. थांबलेल्या बसच्या पुढून शाळेचे पोर पळत येते, मंडईतून दोन पिशव्या घेऊन म्हातारी आजी रस्ता ओलांडते, दूधवाला चुकीच्या बाजूने येतो. 2022 साली देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यातली 32 हजारांहून जास्त पायी चालणारी होती. ‘गावातल्या गावात’ म्हणणाऱ्याला मला एवढेच विचारायचे आहे, की त्या गावात राहते कोण? तुमचीच गल्ली, तुमच्याच ओळखीची माणसे, तुमच्याच मुलाच्या वर्गातली मुले. त्यांच्यासाठी अर्धवट ब्रेक चालतील, असे तुम्ही कुणाला विचारून ठरवलेत?

आणि ती गाडी कायम गावात राहतही नाही. गणपती आले की तीच गाडी पाच माणसे आत, कॅरिअरवर सामान, अशी कोकणात उतरते. लग्नसराईत तीच घाटाने जाते. खंडाळ्याहून खोपोलीला येताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. हिशेब करून पाहा. एक टनाच्या गाडीला एवढ्या उतारावर जी ऊर्जा मिळते, ती ताशी ऐंशीच्या वेगातून वीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर त्यातला मोठा वाटा इंजिन पेलते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल केली, की बहुतेक सगळा भार पॅडवर आणि डिस्कवर येतो, उष्णता होऊन. थर संपलेला असेल तर ती उष्णता थेट ब्रेक ऑइलकडे जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून तर ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. जुने, पाणी धरलेले ऑइल तापले की उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जाते. त्यालाच नंतर ‘ब्रेक लागलेच नाहीत’ म्हणतात. त्याची तयारी गावातल्या गावातच झालेली असते.

बाकीची कारणे, म्हणजे ओरिजिनल महाग असतात, वेळ मिळाला नाही, मेकॅनिकच म्हणाला चालतील, ही मी मोजतही नाही. छोट्या गाडीचे चांगले पुढचे पॅड साधारण दीड-दोन हजारांत येतात. सीट कव्हर त्याहून महाग पडते.

निवड करताना पहिली गोष्ट, सगळ्यात महाग तेच चांगले असे अजिबात नाही. शर्यतीच्या गाड्यांसाठी बनवलेले पॅड तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत, ते रोजच्या गाडीला उलट धोक्याचे. गाडी बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेला किंवा नावाजलेल्या ब्रेक कंपनीने त्याच मॉडेलसाठी बनवलेला पॅड घ्यावा. युरोपात बदली पॅडसाठी नियम आहे, त्याची पकड मूळ पॅडच्या पकडीपेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त वेगळी असता कामा नये. आपल्याकडे दिल्लीच्या काश्मिरी गेटपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत काउंटरवर सर्रास विचारतात, ‘कंपनीचा देऊ की लोकल?’ दोन्ही एकाच कामाला येणाऱ्या वस्तू असल्यासारखे. आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतोच, ‘बिल हवंय?’

बिल हवेच. मी औषधाच्या दुकानातही हे म्हणतो, हार्डवेअरमध्येही म्हणतो, लोक कंटाळले तरी म्हणतो. ब्रेकच्या बाबतीत तर बिल म्हणजे विकणाऱ्याची जबाबदारी कागदावर येणे. ज्याला तो कागद द्यायचा नाही, त्याला आपल्या डब्यात काय आहे ते पक्के ठाऊक असते. बिनबिलाचा पॅड घेऊन शंभर-दोनशे रुपये वाचवणारा त्या दुकानदाराला उद्याचे गिऱ्हाईक मिळवून देतो. ते गिऱ्हाईक कदाचित तुमच्या मागच्या गाडीत बसलेले असेल.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण त्यात घाई चालत नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक लावायचा आणि जॅकवर विश्वास न ठेवता खाली स्टँड द्यायचा. पॅड एका चाकाचे कधीच बदलायचे नाहीत, डावे-उजवे एकदम बदलायचे, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एकीकडे ओढते. काढलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने वर बांधायचा. पिना साफ करून त्यांनाच चालणारे ग्रीस लावायचे, पॅडच्या तोंडाला ग्रीसचे बोटही लागता कामा नये. डिस्कची किमान जाडी किती हवी ते बहुतेक डिस्कवर कोरलेलेच असते, ते वाचून मोजायची. साचलेली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की पुढे कर्करोग होऊ शकतो. गॅरेजमधली सोळा-सतरा वर्षांची पोरे आजही नाक न झाकता ती धूळ उडवताना दिसतात, त्याचाही जाब मालकाला विचारायला हवा.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी येते आणि तीच राहून जाते. नवे पॅड बसवायला कॅलिपरमधला पिस्टन मागे दाबलेला असतो. त्यामुळे पहिल्यांदा पेडल दाबले की ते पोकळ खाली जाते. गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पंप करायचे, मगच गिअर टाकायचा. हे न करता गाडी गॅरेजबाहेर काढणारा समोरच्या भिंतीवर किंवा माणसावर जाऊन थांबतो. आणि पुढचे दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक शक्यतो टाळायचा, पॅड डिस्कवर बसायला तेवढा वेळ लागतो. नट आवळताना पान्यावर पाय देऊन उडी मारणारे मेकॅनिक मला मुळीच आवडत नाहीत. नट किती घट्ट हवा ते मोजणारा पाना मिळतो, त्याने आवळावेत. स्वतः पॅड बदलायची हौस असेल तर जरूर बदला, ते शिकण्यासारखे काम आहे. पहिल्यांदा मात्र जाणत्या माणसाला शेजारी उभे करा.

ब्रेकची ही काळजी नवी नाही. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, मॅनहाइमहून फोर्झहाइमला त्याने बनवलेली मोटार चालवत गेली. शंभर किलोमीटरहून लांबचा हा पहिला प्रवास. उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजू लागले, तेव्हा तिने वाटेत चांभाराकडून त्यांच्यावर चामडे ठोकून घेतले. ब्रेकचे लायनर असे जन्माला आले. तिला कुठला कायदा बघत नव्हता, रस्त्यावर दुसरी मोटारही नव्हती. तिला फक्त कळले, की हे असे चालणार नाही. आणि ती थांबली.

आपल्याला कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 190 नुसार ज्या दोषामुळे रस्त्यावर धोका होईल, असा दोष असलेले वाहन चालवणे गुन्हा आहे. तो दोष चालवणाऱ्याला माहीत असला पाहिजे असेही नाही, साध्या काळजीने कळण्यासारखा असला तरी पुरे. म्हणजे ‘मला ठाऊक नव्हते’ हे कायद्यालाही पटत नाही. पण तपासायचे कुणी? खासगी गाडीच्या धुराची तपासणी आपण दरवर्षी करून घेतो. ब्रेक मात्र नव्या गाडीची नोंदणी झाल्यापासून पंधरा वर्षे कुणी अधिकारी सक्तीने बघत नाही. ही पंधरा वर्षे सरकारने तुमच्यावर सोपवलेली आहेत.

तेव्हा सणाला गाडी काढायच्या आत मेकॅनिककडे जा, पुढची दोन्ही चाके उतरवायला सांगा आणि आतला पॅड स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर तिथेच बदलून घ्या, डावा-उजवा दोन्हीकडचा. आणि बिल घ्या.