कोणाच्या जिवावर शिकावें?

कोणतीही विद्या शिकावयाची म्हटली म्हणजे तिला कांहीं तरी खर्च लागतोच. सुताराचा मुलगा रंधा धरावयास शिकतो तेव्हां चार फळ्या वांकड्या तासल्या जातात. घरांतली मुलगी भाकरी थापावयास शिकते तेव्हां पहिल्या चार भाकरी गुरांपुढें जातात. फळीस व पिठास दुःख होत नाहीं, म्हणून ह्या खर्चाचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. परंतु जेथें शिकणाराच्या हाताखालीं लांकूड नसून मनुष्याचें लेंकरूं असतें, तेथें हा हिशेब ठेविला पाहिजे कीं नाहीं, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

ह्या प्रश्नास निमित्त असें. अंध, बधिर किंवा बुद्धीची वाढ मंद असलेल्या मुलांस शिकविणारे शिक्षक आज आपल्या विद्यापीठांत तयार होतात. १९९२ सालीं भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. मान्य झालेलें शिक्षण घेऊन परिषदेच्या नोंदवहींत नांव दाखल झाल्यावांचून कोणीं हें काम करूं नये, असा त्या कायद्याचा दंडक आहे. ह्या शिक्षणांत पुस्तकांच्या अभ्यासाबरोबरच शाळेंत जाऊन प्रत्यक्ष मुलांबरोबर काम करण्याचा भाग नेमून दिलेला असतो. हा भाग योग्य आहे काय, आणि योग्य असल्यास कोणत्या अटींवर?

नुसत्या पुस्तकानें भागत नाहीं, हें तर उघड आहे. ब्रेल लिपींत सहा टिंबें असून त्यांच्या त्रेसष्ट जुळण्या होतात. त्या एखादा हुशार विद्यार्थी थोड्या दिवसांत पाठ करील. परंतु पाटीवर कागद लावून टोचणीनें लिहितांना उजवीकडून डावीकडे जावें लागतें, आणि तोच कागद उलटला म्हणजे डावीकडून उजवीकडे वाचतां येतो. हें बोटांस कळेपर्यंत डोक्यास कळून उपयोग नाहीं. अंध मनुष्यास वाट दाखवितांना त्याचा हात धरून ओढावयाचें नसतें. त्यानें आपला दंड कोपराच्या वर धरावा व आपण त्याच्या अर्धें पाऊल पुढें चालावें. बुद्धीनें मंद असलेल्या मुलास सदऱ्याची गुंडी लावावयास शिकवितांना त्या कामाचे बारीक तुकडे करितात, आणि पुष्कळदां शेवटचा तुकडा आधीं शिकवितात. गुंडी काजांतून अर्धी बाहेर काढून द्यावी व उरलेली मुलानें ओढावी, म्हणजे काम तडीस नेल्याचा आनंद त्यास पहिल्याच दिवशीं मिळतो. हें सर्व लिहावयास चार ओळी पुरतात. परंतु मुलाचीं बोटें चाचपडत असतां, आपला हात मागें घेऊन स्वस्थ बसणें कोणत्याही पुस्तकांतून येत नाहीं.

तर मग मुलांबरोबर बसल्यावांचून शिक्षक होणार नाहीं. पण एखाद्या आईनें विचारिलें कीं, "तुमचे विद्यार्थी शिकावयाचे ते माझ्याच लेंकरावर कां?" तर तिला काय उत्तर द्यावें? तिचा प्रश्न खोटा नाहीं. धडधाकट मुलास कोणीं वाईट शिकविलें तर तें घरीं येऊन सांगतें. हिच्या मुलास कदाचित् सांगतां येत नाहीं. त्याला नव्या चेहऱ्याची ओळख पटावयास दिवस लागतात, आणि ओळख पटते न पटते तोंच त्या विद्यार्थ्याची मुदत संपते. पुढल्या वर्षीं नवी तुकडी येते, आणि नव्या चुकाही येतात.

कोणी म्हणेल, एका मुलास थोडा त्रास झाला तरी पुढें शेंकडों मुलांचें कल्याण होतें. हें उत्तर आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. पुष्कळांच्या कल्याणाची किंमत ज्याला नाहीं म्हणतां येत नाहीं त्याच्याकडून, आणि तीही न विचारतां, वसूल करणें हा न्याय नव्हे. दुसरा कोणी म्हणेल, तर मग विद्यार्थी पक्का तयार होईपर्यंत त्यास मुलांजवळ जाऊंच देऊं नये. पण असा शिक्षक नोकरीच्या पहिल्या दिवशीं त्याच चुका करील, आणि त्या वेळीं त्याचा हात धरावयास जवळ कोणी नसेल. चूक टळत नाहीं. ती फक्त झांकली जाते.

ह्या पेंचांत आम्हांस एका जुन्या उदाहरणाची आठवण होते. ३ मार्च १८८७ रोजीं ॲन सलिव्हन नांवाची वीस वर्षांची तरुणी अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत टस्कंबिया ह्या गांवीं हेलन केलरला शिकवावयास आली. हेलन तेव्हां सात वर्षांचीही नव्हती. तिला दिसत नव्हतें व ऐकूं येत नव्हतें. ॲनची स्वतःची दृष्टि अधू होती. बोस्टन येथील पर्किन्स संस्थेंत ती शिकली होती. तेथें दृष्टि व श्रवण दोन्ही गमावलेली लॉरा ब्रिजमन राहत असे. तिच्याशीं बोटांच्या लिपीनें बोलण्याचा ॲनला सराव होता. लॉराला डॉक्टर हौ यांनीं कसें शिकविलें तें वृत्तही तिनें निघण्यापूर्वीं वाचून काढिलें होतें. म्हणजे तिच्यापाशीं पुस्तक होतें आणि हाताचा अनुभवही होता.

तरी ती चुकली. तिनें ठराविक धडे घेतले, हेलनच्या तळहातावर शब्द काढिले. हेलन ते जशाचे तसे काढून दाखवी, पण प्रत्येक वस्तूस नांव असतें हें तिला उमगलें नव्हतें. तें ५ एप्रिल रोजीं पंपाच्या पाण्याखालीं हात धरिला असतां उमगलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत, हेलनच्या नात्यांतील पंधरा महिन्यांच्या एका मुलीस घरांतलें बोलणें कसें समजतें हें पाहून, ॲननें आपले ठराविक धडे सोडून दिले, आणि लहान मुलाच्या कानाशीं बोलावें तशीं पूर्ण वाक्यें ती हेलनच्या हातावर काढूं लागली. पुढें १९३६ सालीं मृत्यु येईपर्यंत, एकूण एकोणपन्नास वर्षें, तिची व हेलनची सोबत होती.

ॲनही हेलनवरच शिकली. मग तिला आपण दोष कां देत नाहीं? आम्हांस दोन कारणें दिसतात. मुलीस जें कळत नव्हतें त्याचा दोष तिनें मुलीवर न ठेवितां आपल्या रीतीवर ठेविला; आणि ती तिला सोडून गेली नाहीं. मुलावर शिकणें आणि मुलापासून शिकणें ह्यांत जें अंतर आहे तें हेंच होय.

विद्यापीठाच्या विद्यार्थ्यास एकोणपन्नास वर्षें राहतां येत नाहीं. म्हणून त्याच्या राहण्याच्या ठिकाणीं दुसरें कांहीं ठेविलें पाहिजे. पहिलें, अनुभवी शिक्षक त्याच्याजवळ बसलेला असावा, म्हणजे आजची चूक आजच सुधारेल. दुसरें, त्यास रोज निराळें मूल न देतां एकाच मुलाजवळ पुरेसे दिवस बसूं द्यावें. तिसरें, त्या मुलाविषयीं जें कळलें तें लिहून मागें ठेवावें, म्हणजे पुढें येणारास पुन्हां मुळापासून आरंभ करावा लागणार नाहीं. चौथें, कोण येणार व केव्हां जाणार हें आईबापांस आधींच सांगावें, त्यांस नको म्हणण्याची मोकळीक असावी, आणि जाण्याचा दिवस मुलासही त्याला समजेल अशा रीतीनें कळवावा.

इतकें करूनही ऋण सर्व फिटत नाहीं, हें आम्ही कबूल करितों. ज्या मुलानें विद्यार्थ्याचा अडाणीपणा सोसला त्याला फळ मिळेलच असें नाहीं. तें दुसऱ्याच गांवच्या मुलास मिळेल. म्हणून पदवी हातीं घेतांना ती आपली एकट्याची कमाई आहे असें त्या विद्यार्थ्यानें समजूं नये.

आमचे खेड्यांतील वाचक म्हणतील, विद्यापीठाच्या ह्या गोष्टीशीं आमचा काय संबंध? संबंध आहे. २०१६ सालच्या कायद्यानें, चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलास जवळच्या शाळेंत, किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेंत, मोफत शिकण्याचा हक्क आहे. गांवांत कोणाच्या ओट्यावर असें मूल दिवसभर बसून असेल, तर त्याचें नांव शाळेंत घालावें. आणि त्याला शिकविणारा शिक्षक आला म्हणजे, तुम्ही किती परीक्षा उतरलां एवढेंच विचारून थांबूं नये. तुम्ही कोणत्या मुलांजवळ किती दिवस बसलां, आणि त्यांनीं तुम्हांस काय शिकविलें, हेंही विचारावें. ज्याला ह्याचें उत्तर मन लावून देतां येईल, त्याच्या हातीं त्या आईनें आपलें लेंकरूं द्यावयास हरकत नाहीं.