पथ्याचा नेम

उपवास एका दिवसाचा, पथ्य रोजचे. एकादशी सोडायला द्वादशी येते. पथ्याला द्वादशी नाही. मग ते मनाने कसे पेलावे? झाईच्या एका माळकरी गृहस्थांनी आम्हांस हेच विचारले.

झाई हे तळासरी तालुक्यातले, गुजरातच्या सीमेलगतचे समुद्रकाठचे गाव. वस्ती मासेमारीची. माळ घातली त्या दिवशी यांचे मासे सुटले. पुढे मधुमेह निघाला. डॉक्टरांनी साखर, गूळ, मैदा बंद केला, पांढरा भात कमी केला, आणि नागलीची भाकरी, कडधान्ये, पालेभाज्या सांगितल्या. चिकूच्या मुलखात राहून चिकूही मोजून! एकादशीचा साबुदाणा उपवासाला चालतो, पण या पथ्याला तोही चालत नाही. अन्न वाईट नाही. तांदूळ सडला की कोंड्याबरोबर त्यातले ब-१ जीवनसत्त्व बरेचसे जाते. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गृहस्थ म्हणाले, "महाराज, हे सगळं पटतं हो. पण मासे सुटले तेव्हा काही वाटलं नाही, अन् आता रोज पानावर बसलं की चिडचिड होते. असं का?"

उत्तर त्यांच्या प्रश्नातच आहे. मासे त्यांनी एकदाच सोडले. शेजारी बोंबील तळला तरी 'आज खावा का?' हा प्रश्न माळकऱ्याला पडत नाही. साखरभात मात्र ते रोज नव्याने सोडतात, आणि जे रोज सोडावे लागते ते रोज टोचते. म्हणून पथ्याचाही नेम करावा. नेमात निश्चय एकदाच. पुढे उरते ते पाळणे.

पण नेम कोणाच्या जिवावर? नागली दळायची, मटकी भिजवायची, भाजी वेगळी करायची, हे हात बहुधा घरच्या बाईचे. १९१५ साली कलकत्त्यास भूपेंद्रनाथ बसूंकडे गांधीजी उतरले असता, त्यांच्या फलाहारासाठी घरच्या बायका रात्रभर जागून सुका मेवा सोलीत बसल्या. ते गांधीजींना बोचले. त्याच वर्षी हरद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतले: दिवसाकाठी पाचांहून अधिक पदार्थ नाहीत, अंधार पडल्यावर जेवण नाही. पाहा, त्या व्रतामागे यजमानांच्या श्रमांची जाणीव होती. आपले पथ्य दुसऱ्याने शिजवायचे आणि वर आपणच ताटावर कपाळाला आठ्या घालायच्या, याला तप कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, देहाचे एवढे कौतुक कशाला? गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अतिखाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग नाही असे सांगितले आहे. मध्यम मार्गाने देह राखणे हे कौतुक नव्हे, कर्तव्य आहे.

जिभेला जुनी चव आठवणारच. हळहळ वाटली तर वाटू द्यावी, ते पाप नाही. एखादे दिवशी चुकले तर कपाळ बडवू नये. पुढच्या जेवणाला नेम पुन्हा धरावा. आणि रात्री उद्याची मटकी आपल्याच हातांनी, नाम घेत, भिजत घालावी. निम्मी चिडचिड तिथेच विरते.