नाणेकरांची वाडी

पुणे जिल्ह्यात महाळुंगे एकच नाही. एक बालेवाडीला खेटून, मुळेच्या काठी, आता उंच इमारतींनी भरलेलं. दुसरं आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ. आणि तिसरं खेड तालुक्यातलं, चाकणच्या पश्चिमेला, बजाजच्या कारखान्यामुळे देशभरच्या पत्त्यांत जाऊन बसलेलं. कागदोपत्री त्याचं पूर्ण नाव महाळुंगे इंगळे. म्हणजे इथे माणसांना आडनावं आहेत तशी गावालाही आहे. हा प्रकार या पट्ट्यात जागोजागी दिसतो. तळेगाव दाभाडे आणि तळेगाव ढमढेरे, लोणी काळभोर आणि लोणी कंद, पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख. आज ज्या पिंपरीच्या नावाने महानगरपालिका आहे ती मुळात पिंपरी वाघेरे.

या नावांचा अर्थ लावायला बसलं तर करमणूक होते, हाती फारसं लागत नाही. महाळुंग हे लिंबाच्या जातीचं मोठं फळ, कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात असतं ते. पडवळ भाजी, इंगळ म्हणजे धगधगता निखारा. पण महाळुंगे पडवळ म्हणताना कुणाच्या डोळ्यापुढे बाजाराची पिशवी येत नाही. भोसरीच्या लांडग्यांना किंवा फुग्यांना त्यांच्या आडनावाचा अर्थ रोज ऐकू येत नाही, तो ऐकू येतो बाहेरून आलेल्याला, तोही पहिल्या आठवड्यात. आडनावाचा अर्थ फार लवकर मरतो, काम मात्र चालू राहतं. म्हणून आडनावांच्या बाबतीत मला ‘याचा अर्थ काय’ या प्रश्नापेक्षा ‘हे कुणी विचारलं म्हणून सांगावं लागलं’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा वाटतो. तालुक्याच्या ठिकाणी कुणी ‘कुठलं महाळुंगे?’ असं विचारेपर्यंत इंगळ्यांच्या गावाला इंगळे म्हणायची गरज नव्हती.

गावाच्या आत माणसालाही ती नव्हती. अमक्याचा तमका एवढं पुरे. सोयरीक जुळवताना कूळ आणि देवक पाहिलं जाई. मोऱ्यांचं देवक मोराचं पीस, कुणाचं कळंब, कुणाचा पंचपल्लव. एका देवकात लग्न नाही, हा नियम आडनावाच्या फार आधीपासून आडनावाचं मुख्य काम करत होता. इंगळ्यांच्या महाळुंग्यापासून जवळच असलेल्या देहूच्या तुकोबांचं कूळ मोरे, आडनाव आंबिले. आणि अभंगाच्या शेवटी यातलं काहीच नाही, नुसता तुका. दरबारातही वेगळं नव्हतं. शिवाजी महाराजांच्या कारभाऱ्यांची नावं कागदपत्रांतून येतात ती मोरो त्रिंबक, अण्णाजी दत्तो, निळो सोनदेव अशी, आपलं नाव आणि बापाचं नाव. पहिला बाजीराव म्हणजे बाजीराव बल्लाळ, बाळाजीचा बाजीराव. भट हे आडनाव घराण्याला होतं, पण मराठी मुलखावर हुकूम काढायला त्याची आवश्यकता नव्हती.

मग आडनाव लागतं कुणाला? जो गाव सोडतो त्याला. आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांत ही गोष्ट उघडीच आहे. नाणे गावात कुणी नाणेकर नसतो, तिथे सगळेच नाण्याचे. माणूस तिथून उठून दुसरीकडे गेला, तिथल्या लोकांनी ‘हा कोण’ म्हणून विचारलं, की तो नाणेकर होतो. ‘कर’वाल्या प्रत्येक आडनावात एक सोडलेलं गाव आहे. दुष्काळ असेल, भाऊबंदकी असेल, वतनाचा तुकडा मिळाला असेल, ते आडनाव सांगत नाही. निघून आल्याचं तेवढं सांगतं. निंबळकच्या पवारांचे निंबाळकर झाले आणि फलटणला राज्य करू लागले, डफळापूरच्या चव्हाणांचे डफळे झाले. जुनं कूळ खाली राहिलं, वर गावाचा थर चढला.

यापुढची पायरी चाकणच्या आसपास बघायला मिळते. नाणेकर इथे येऊन स्थिरावले, त्यांची वस्ती वाढली, आणि त्या वस्तीचं नाव पडलं नाणेकरवाडी. शेजारी मेदनकरवाडी. गावावरून आडनाव निघालं, आडनावावरून पुन्हा गाव. पिंपरी-चिंचवडमध्ये बसने फिरलात तर निम्म्या थांब्यांच्या पाट्या अशाच आहेत: कस्पटे वस्ती, मोरे वस्ती, साने चौक, लांडेवाडी. औद्योगिक महाराष्ट्रात या फेऱ्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण किर्लोस्करांचं. कोकणातल्या किर्लोसचे म्हणून किर्लोस्कर, आणि 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना काढला तेव्हा त्या जागेची झाली किर्लोस्करवाडी.

फिनलंडमध्ये हाच फेरा याहून वेगाने फिरायचा. तिथल्या पश्चिम भागात आडनाव माणसाचं नसून शेतवाडीचं असे. माणूस एक वाडी सोडून दुसरीकडे राहायला गेला की त्याचं नाव बदलायचं. घरजावई आला तर तोही सासऱ्याच्या वाडीचं नाव घ्यायचा. पूर्वेकडे मात्र शेवटी ‘नेन’ असलेली आडनावं मध्ययुगापासून पिढीजात चालत आलेली. अर्थ बहुधा साधे, आजूबाजूच्या निसर्गातले. विर्तानेनमध्ये ओढ्याचा प्रवाह आहे, मॅकिनेनमध्ये टेकडी. पुढे राष्ट्रवादाच्या भरात, 1906 साली स्नेलमान या विचारवंताच्या जन्मशताब्दीला, हजारो कुटुंबांनी आपली स्वीडिश आडनावं टाकून फिनिश घेतली. शेवटी 1920 च्या कायद्याने प्रत्येकाला आडनाव सक्तीचं झालं. जपानने ही सक्ती 1875 साली केली, तुर्कस्तानने 1934 साली. सरकार माणसं मोजायला लागलं, सैन्यात घ्यायला लागलं, कर बसवायला लागलं, की नुसत्या अमक्याच्या तमक्याने भागत नाही.

आपल्याकडे असा एक कायदा कधी झाला नाही. इंग्रजी अमदानीत कचेऱ्या, कोर्ट, शाळेचं हजेरीबुक, जमिनीची मोजणी या सगळ्यांनी मिळून ते काम हळूहळू उरकलं. 1857 साली मुंबई विद्यापीठ निघालं आणि सुरुवातीच्या पदवीधरांबरोबर महादेव गोविंद रानडे, काशिनाथ त्रिंबक तेलंग अशी तीन पदरी नावं रुजली. मोरो त्रिंबकाच्या मागे आडनाव कायमचं जोडलं गेलं ते या काळात.

ते जोडलं गेलं तेव्हा माणूस जे काही करत होता, जे मिरवत होता, ते तसंच गोठलं. सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे गोऱ्हे पुण्यात पेशव्यांना फुलं पुरवू लागले आणि फुले झाले. जोतीरावांनी पुढे फुलांचा धंदा केला नसता तरी ते फुलेच राहणार होते. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही तर हुद्द्यांची नावं. परगणे आणि कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने रद्द झाली, मुलकी पाटीलकी 1962 च्या. हुद्दा गेला, दप्तर तलाठ्याकडे गेलं, पण पाटील हे आडनाव कमी न होता वाढलंच असावं असं कुठल्याही कारखान्याच्या हजेरीपटावरून वाटतं. सरकारने पद खालसा केलं, आडनाव खालसा करायचा विचारही कुणाच्या मनात आला नाही.

या भागातलं याहून सुरस उदाहरण राजगुरूंचं. चाकणचे कचेश्वर ब्रह्मे हे तुकोबांच्या अभंगांनी भारलेले गृहस्थ. त्यांच्या घराण्याला शाहू महाराजांकडून राजगुरू हा मान मिळाला, अशी परंपरा सांगितली जाते. मानाचं आडनाव झालं. त्या घराण्यात 1908 साली खेडला शिवराम हरी जन्मला, भगतसिंग-सुखदेवांबरोबर 1931 साली फासावर गेला, आणि स्वातंत्र्यानंतर खेडचं राजगुरुनगर झालं. पदवी, आडनाव, गाव असा हा प्रवास, आणि तोही पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एवढ्याशा टप्प्यात.

त्याच 1908 साली शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळला, आणखी एक मुलगा जन्मला. मुंबईत गिरणीत कामाला गेला आणि 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा पडून मेला. तो बाबू गेनू. त्याचं आडनाव सैद. ते शाळेच्या पुस्तकातल्या धड्यानंतर किती जणांच्या लक्षात राहतं? बाबू, गेनूचा मुलगा, एवढीच ओळख इतिहासाने ठेवली. उलट राजगुरूंचं शिवराम हे नाव कितीकांना चटकन आठवत नाही. एकाच वर्षी, एकाच टापूत जन्मलेले दोन हुतात्मे. एक नुसत्या आडनावाने ओळखला जातो, दुसरा आडनावाशिवाय. याला योगायोग म्हणून सोडून देणं मला जमत नाही. आडनाव आधी त्यांच्याकडे पक्कं झालं ज्यांचा कागदाशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध होता. गिरणीतल्या कामगाराला बापाचं नाव पुरत होतं, निदान मुकादमाच्या दृष्टीने.

आणि कागदावर आल्यावर आडनाव सगळ्यांना सारखं फळलं नाही. गाव कुठलं, आडनाव काय, हे दोन प्रश्न नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्ये विचारतात ते नामावळीच्या वह्यांत तुमचा पणजा शोधण्यासाठी. तेच दोन प्रश्न भाड्याने घर बघताना विचारले जातात तेव्हा शोध जातीचा असतो. आडनावाने जात कळते तिथे ते आधार होतं किंवा अडसर, मधलं काही नाही. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं, गाव आंबडवे, म्हणून आंबडवेकर. शाळेत ते आंबेडकर झालं, एका शिक्षकाच्या आडनावावरून, असं सांगितलं जातं. गावाचं नाव आडनावात घेतलं की जातीचा ठसा पुसट होतो, हे ‘कर’ प्रत्ययाचं एक न बोललं जाणारं काम आहे. राजपत्रात नाव बदलल्याच्या जाहिरातींत त्याचा माग अजून लागतो.

आता चाकणजवळच्या महाळुंग्यात आडनाव विचारणारे दोघे आहेत, आणि दोघांची तऱ्हा निराळी. पहिला विचारणारा सातबारा. एमआयडीसी आल्यावर जमिनीला जो भाव आला त्याने भावकी या शब्दाचं वजन बदललं. वारसनोंद, फेरफार, भूसंपादनाचा मोबदला, परताव्याचा भूखंड, सगळीकडे आजोबा, बाप आणि आडनाव तंतोतंत जुळावं लागतं. एका कागदावर खराबी आणि दुसऱ्यावर खराबे असलं तर प्रतिज्ञापत्र आलं. यातला खरा पेच बहिणीचा. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. पण लग्नाने तिचं आडनाव बदललेलं असतं, क्वचित पहिलं नावही. त्यामुळे उताऱ्यावर तिचं नाव चढलं की गटात परक्या आडनावाची ओळ दिसते, आणि मग हक्कसोडपत्राचा विषय निघतो. रक्षाबंधनाच्या आगेमागे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन सह्या करणाऱ्या बहिणी या पट्ट्याला नवीन नाहीत. आडनावाने बाईला आधी परकं करायचं आणि मग त्या परकेपणाचा दाखला देऊन जमीन मागायची, हा मला या सबंध इतिहासातला सगळ्यात हिशेबी भाग वाटतो. फिनलंडमध्येही 1929 च्या कायद्याने बायकोला नवऱ्याचं आडनाव सक्तीचं केलं होतं, ते 1986 साली सुटलं. आपल्याकडे सक्तीचा कायदा नव्हताच, त्यामुळे रद्द करायलाही काही हाती नाही.

दुसरा विचारणारा कंपनीच्या गेटवर बसलेला संगणक. त्याला दोन रकाने हवेत, पहिलं नाव आणि शेवटचं नाव. लातूर-नांदेडच्या पोराचं तीन पदरी नाव त्यात कसंतरी कोंबलं जातं. बिहारहून आलेल्याचं शेवटचं नाव अनेकदा कुमार असतं, ते ना बापाचं ना घराण्याचं. दक्षिणेकडून आलेल्याच्या नावाआधी नुसती आद्याक्षरं. मग आधारवर एक, पॅनवर दुसरं, पीएफला तिसरं, आणि नोकरी सुटल्यावर पैसे काढायला गेला की अडकलं. (ज्या कारखान्यांच्या गेटवर हे चालतं त्यांची नावंही आडनावंच: बजाज, महिंद्रा, बॉश. मर्सिडीज-बेंझमध्ये बेंझ हे आडनाव, आणि मर्सिडीज हे येलिनेक नावाच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं नाव. निदान एका पाटीवर तरी मुलगी आडनावाच्या आधी आहे.)

इथे जुनी वाट बंद झालेली दिसते. दोनशे वर्षांपूर्वी लातूरहून महाळुंग्याला येऊन स्थिरावलेल्या माणसाच्या पोरांना लोकांनी लातूरकर केलं असतं, आणि चार पिढ्यांनी कदाचित लातूरकरवाडीही झाली असती. आज खोल्यांच्या रांगेत घरमालक त्याला ‘लातूरकर’ अशी हाक मारेल, पण ती हाक हवेतच राहते. त्याचं आडनाव आधारमध्ये बंद आहे. एवढं मोठं स्थलांतर या पट्ट्यात झालं, आणि त्यातून एकही नवं आडनाव जन्माला येणार नाही.

हलतंय ते एवढंच, की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचं नाव सक्तीचं केलं: मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. आईचं नाव आलं, आईचं माहेरचं आडनाव नाही आलं. चाकणच्या दवाखान्यांत जन्मणाऱ्या मुलांच्या दाखल्यांवर आता चार शब्द आहेत, आणि वीसेक वर्षांनी ती मुलं कामाला लागतील तेव्हा गेटवरच्या यंत्रात रकाने अजून दोनच असले, तर त्या चारांतलं आधी काय गाळलं जाईल ते सांगायला ज्योतिषी नको.