पुन्हा पडणाऱ्याची प्रार्थना

जो मनुष्य आज अश्रू ढाळून आपल्या पापाची कबुली देतो, आणि ज्याला मनोमन ठाऊक असते की उद्या आपले पाऊल पुन्हा त्याच निसरड्या वाटेवर पडणार आहे, त्याच्या प्रार्थनेला प्रार्थना म्हणावयाचे की नाही, हा प्रश्न धर्मचिंतनात फार जुना आहे. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील एका रॅप गायकाच्या ध्वनिमुद्रिकांनी तो ज्या निर्भीडपणे मांडला, तितक्या निर्भीडपणे तो धर्मपीठावरून क्वचितच मांडला गेला असेल. या गायकाचे नाव अर्ल सिमन्स. जगाने त्याला डीएमएक्स या नावाने ओळखले, आणि ते नाव त्याने एका तालयंत्रावरून घेतले होते.

न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या माउंट व्हर्नन येथे १८ डिसेंबर १९७० रोजी तो जन्मला आणि जवळच्या याँकर्स गावातील गरिबांच्या सरकारी वसाहतीत वाढला. दम्याचा विकार, घरातील मारहाण, सुधारगृहातील वास्तव्य, रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्यांची सोबत आणि या सर्वांत आजीची तेवढी माया, असे ते बालपण. वयाच्या चौदाव्या वर्षी, ज्याला तो गुरुस्थानी मानीत होता त्याच माणसाने क्रॅक, म्हणजे कोकेनचाच एक प्रकार, मिसळलेली गांजाची विडी न सांगता आपल्या हाती दिली, असे त्याने २०२० मधील एका मुलाखतीत सांगितले. कोकेनचे ते व्यसन त्याला अखेरपर्यंत सुटले नाही. कीर्ती मात्र अमाप मिळाली. १९९८ च्या मे महिन्यात ‘इट्स डार्क अँड हेल इज हॉट’ आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘फ्लेश ऑफ माय फ्लेश, ब्लड ऑफ माय ब्लड’ हे त्याचे दोन संग्रह निघाले, आणि दोन्ही अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. पुढे त्याचे पहिले पाचही संग्रह प्रकाशित होताच अग्रस्थानी पोहोचले. हा मान त्यापूर्वी कोणत्याही कलावंताला लाभला नव्हता.

या पाचही संग्रहांत एकेक प्रार्थना आहे. तिला वाद्य नाही, ताल नाही. घोगऱ्या, भुंकल्यासारख्या ज्या आवाजात तो शेजारच्या गीतांत शत्रूंना धमक्या देतो, त्याच आवाजात तो येथे देवाशी बोलतो. भर मैफलीतही, हजारो श्रोत्यांना आवेशाने नाचवून झाल्यावर, तो अशी प्रार्थना म्हणत असे. खोलीत जावे, दार लावून घ्यावे आणि गुप्तपणे प्रार्थना करावी असा उपदेश मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तेव्हा बाजारात विकावयाच्या तबकडीवर मुद्रित केलेली प्रार्थना ही प्रार्थना नसून तिचा देखावा होय, असा आक्षेप कोणी घेतला तर तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण स्तोत्रसंहितेतील स्तोत्रेही लिहून ठेवलेली, गाऊन दाखविण्यासाठी रचलेलीच आहेत, आणि त्यांतील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर आशेच्या एका किरणावाचून, अंधाराच्या उल्लेखावरच संपते. लोकांच्या कानांवर पडते म्हणून आक्रोश खोटा ठरत नाही. मला स्वतःला त्याची पहिलीच प्रार्थना सर्वांत श्रेष्ठ वाटते. कारण तिच्यात तो स्वतःची सुटका मागत नाही, तर आपल्या दुःखभोगाने भावाला प्रकाश दिसणार असेल तर मरेपर्यंत यातना आपल्यालाच दे आणि त्याचे भले कर, असे मागणे मागतो.

पहिल्या संग्रहातील दोन संवादगीते या दृष्टीने फार विचार करावयास लावणारी आहेत. ‘डेमियन’ या गीतात, आपला रक्षक देवदूत कोठे आहे असे विचारणाऱ्या तरुणाला डेमियन नावाचा एक मधाळ आवाज ओ देतो, संपत्ती आणि मानमरातब पुढे करतो, मैत्रीच्या आणाभाका घेतो, आणि सर्व काही पदरात टाकून झाल्यावर परतफेड म्हणून रक्तपाताची मागणी करतो. ‘द कॉन्व्हो’ या गीतात तोच तरुण देवाला जाब विचारतो, आणि देव त्याला बंदूक खाली ठेवून नवे कवन लिहिण्यास सांगतो. भुलविणारा, तारणारा आणि त्या दोघांमध्ये ओढाताण होणारा जीव, या तिघांचे आवाज त्याने स्वतःच दिले आहेत. येथे संशयवादी म्हणेल की, मग देव कोठे आहे? एकच मनुष्य तीन सोंगे घेऊन स्वतःशीच बोलत आहे. हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. प्रार्थना करणाऱ्याला उत्तर मिळते ते त्याच्या स्वतःच्या अंतःकरणाच्या भाषेतच मिळणार. दुसरी कोणतीही भाषा त्याला कळणार कशी? प्रश्न इतकाच की, ते उत्तर त्याच्या इच्छेला केवळ दुजोरा देते, की तिला अडविते. डेमियन प्रत्येक इच्छेला होकार भरतो. देव मात्र नकार देतो, धीर धरावयास लावतो, हातातील शस्त्र सोडावयास सांगतो. स्वतःच्या कंठातून निघालेल्या ज्या आवाजापुढे स्वतःलाच नमावे लागते, त्याला केवळ कल्पनेचा खेळ म्हणणे धाडसाचे आहे. आणि तरीही, ही गोष्ट विसरता कामा नये की तो संग्रह या संवादावर संपत नाही. त्यानंतर पुन्हा एक झुंडीच्या मस्तीचे, आव्हानाचे गीत येते आणि त्यावर तबकडी थांबते. देवाशी बोलून उठलेला मनुष्य थेट रस्त्यावरच्या टोळीत जाऊन उभा राहतो.

हा दंभ आहे काय? दंभाचा प्राण लपविण्यात असतो, आणि या माणसाने काही लपविले नाही. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आपली हीच अवस्था वर्णिली आहे: जे चांगले करावयाची इच्छा आहे ते हातून होत नाही, आणि ज्याचा तिटकारा आहे तेच घडते. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने, मनुष्य इच्छा नसताना जणू बळजबरीने पापाकडे कोणाच्या प्रेरणेने ओढला जातो, असे विचारले आहे ते याच कोड्याविषयी. संत ऑगस्टीनची गोष्ट किंचित निराळी. तारुण्यात आपण संयम मागितला, पण तो लगेच मिळू नये अशीही आपली इच्छा होती, असे त्याने कबूल केले आहे. सिमन्सच्या मागण्यात हा मुदतीचा अर्ज दिसत नाही. तो आत्ताच मागतो, कळवळून मागतो, आणि मग पडतो.

पडला तो वारंवार. अटका, जामीन, तुरुंगवास, व्यसनमुक्तीचे उपचार यांची मालिका वीस वर्षे चालली. २०२० च्या मार्चमध्ये, महामारीने जग घरात कोंडले गेले असता, तो आपल्या चाहत्यांना दूरस्थ प्रक्षेपणातून बायबल वाचून दाखवीत होता. ९ एप्रिल २०२१ रोजी, कोकेनमुळे आलेल्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर, व्हाइट प्लेन्स येथील रुग्णालयात वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्याचा अंत झाला. फळावरून प्रार्थनेची पारख करणारा येथे म्हणेल की, निकाल लागला. पण ती कसोटी लावावयाची तर पौलालाही तीच लावावी लागेल. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो सांगतो की, देहात रुतलेला काटा निघावा म्हणून आपण प्रभूला तीनदा विनविले, आणि तो निघाला नाही. त्याला काटा सोसण्यापुरती कृपा मिळाली. काटा न निघाल्यामुळे पौलाची विनवणी खोटी ठरली, असे कोणी म्हणत नाही. तो न्याय एका संताला द्यावा आणि एका व्यसनाधीन कृष्णवर्णीय गायकाला नाकारावा, हे मला मान्य नाही.

मात्र एवढ्यावर त्याला मोकळे सोडणे हाही अन्यायच होईल. २०१८ च्या मार्चमध्ये करचुकवेगिरीच्या गुन्ह्यासाठी तो मॅनहॅटनमधील न्यायालयापुढे उभा होता. सतरा लक्ष डॉलरांचा सरकारी कर बुडविल्याचा तो मामला होता आणि गुन्हा त्याने आधीच कबूल केला होता. त्याच्या वकिलाने शिक्षेच्या सुनावणीत त्याचे ‘स्लिपिन’ हे, घसरून पडण्याचे आणि उठण्याच्या धडपडीचे गीत, न्यायाधीशांना ऐकविले. न्यायाधीशांनी ती कैफियत ऐकून घेतली, आणि एक वर्षाची कैद फर्माविली. या दोन गोष्टींत मला विसंगती दिसत नाही. मनुष्याचे दुःख खरे असू शकते आणि त्याच्याकडून येणे असलेली रक्कमही खरी असू शकते. पहिल्या गोष्टीने दुसरीची वसुली थांबत नाही. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्याला जर आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तेथेच ठेवून त्याने आधी भावाशी समेट करावा, अशी आज्ञा मत्तयाच्याच पाचव्या अध्यायात आहे. देवाची क्षमा शेजाऱ्याच्या वतीने परस्पर घेता येत नाही, असा तिचा स्पष्ट अर्थ आहे.

सरकारचे येणे ठरविण्यास न्यायालय होते. ज्यांची बाजू मांडण्यास कोणी नव्हते त्यांचे काय? त्याच पहिल्या संग्रहात, ‘डेमियन’च्या अगदी आधीच्या गीतात, शत्रूच्या कोवळ्या वयाच्या मुलीवर बलात्कार करण्याची धमकी आहे. ते पात्राच्या तोंडचे भाषण आहे, रस्त्यावरच्या क्रौर्याचे चित्रण आहे, असे समर्थन करता येईल. परंतु प्रार्थना त्याची स्वतःची आणि धमकी तेवढी पात्राची, अशी वाटणी करण्याचा अधिकार मला स्वीकारता येत नाही, कारण आवाज एकच आहे आणि त्या आवाजाचा खरेपणा हाच तर त्याचा सर्वांत मोठा दावा होता. त्याची प्रार्थना खरी होती असे मी मानतो, आणि ती पुरी नव्हती असेही मानतो. त्याच तबकडीवर पुढे ती पहिली प्रार्थना येते. भावाला प्रकाश दिसावा म्हणून ती स्वतःचे सर्व आयुष्य तारण ठेवते, आणि त्या मुलीविषयी एक शब्दही बोलत नाही.