फुटक्या कांचेचें मोल

आमच्या मराठवाड्यांतील बायका बांगडी फुटली असें तोंडानें म्हणत नाहींत. बांगडी वाढली असें म्हणतात. माळेगांवच्या यात्रेंत कासारापुढें बसून हात भरून घेतांना एखादी तडकली, तरी तोच शब्द. फुटणें हा शब्द अशुभ म्हणून टाळावयाचा, एवढाच त्यांतील हेतु आहे हें आम्ही जाणतों. तथापि तो ऐकून आमच्या मनांत पुष्कळ वेळां असा प्रश्न उभा राहिला आहे कीं, जें फुटलें त्यास वाढलें म्हणणें ही निव्वळ आपलीच फसवणूक आहे, कीं त्यांत कांहीं सत्यहि आहे? फुटलेल्या वस्तूचें, आणि ओघानेंच मोडलेल्या मनुष्याचें, पुढें काय व्हावें?

यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरीं गेला ती गोष्ट आमच्या प्रचारक बंधूंस पाठ आहे. अठराव्या अध्यायांत चाकावरील भांडें बिघडलें, तेव्हां कुंभारानें त्याच मातीचें दुसरें भांडें घडविलें. एकोणिसाव्या अध्यायांत मात्र भाजलेलें मडकें फोडलें जातें, आणि तें पुन्हां सांधत नाहीं. माती ओली आहे तोंवर आशा. एकदां आव्यांत भाजली कीं संपलें. खापर कितीहि कुटलें तरी चाकावर चढत नाहीं, हें आपल्या गांवचा कुंभारहि सांगेल. पण कांच ही तिसऱ्या जातीची वस्तु आहे. ती अग्नींतून एकदां गेलेली असूनहि पुन्हां अग्नींत शिरूं शकते, आणि कितीहि वेळां वितळविली तरी तिचा कस उतरत नाहीं. कारखानदार तर नव्या वाळूंत फुटकी कांच मुद्दाम मिसळतात. तिच्यामुळें मिश्रण लवकर वितळतें व जळण वांचतें. म्हणजे उकिरड्यावरील तुकडा हा कोऱ्या वाळूचा मदतनीस ठरतो!

ही विद्या आमच्या भागास परकी नाहीं. तेरणेच्या कांठचें तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या समुद्रप्रवासाच्या वर्णनांत तगराचा माल गाड्यांवर घालून भडोचच्या बंदरास नेत असत असें सांगितलें आहे, आणि त्याच बंदरीं परदेशांतून उतरणाऱ्या मालाच्या यादींत कच्ची कांचहि आहे. अशी कांच येथें वितळवून तिला नवें रूप देत. तेरच्या जुन्या टेकाडांतून कांचेचे मणी निघाले आहेत, आणि लातूरहून तें गांव फार दूर नाहीं.

हल्लीं या कलेचें एक निराळें रूप दिसतें, तें म्हणजे टाकाऊ कांचेचीं शिल्पें. (मूर्ति हा शब्द आम्ही येथें मुद्दामच टाळितों, वाचक समजतील.) बाटल्या व खिडक्यांचीं तावदानें धुवून, चिठ्ठ्या खरवडून, रंगवार निवडून कुटतात. प्लास्टर व बारीक वाळू यांच्या सांच्यांत तो चुरा भरून सांचा भट्टींत ठेवितात. उष्णता 700 अंशांच्या पुढें गेली म्हणजे बाटलीची कांच मऊ होऊन वांकूं लागते, आणि 800 च्या वर कण एकमेकांत मिसळून एकजीव होऊं लागतात. फ्रान्स देशांत आंरी क्रो या शिल्पकारानें 19 व्या शतकाच्या अखेरीस कांचेच्या भुकटीची ही जुनी रीत पुन्हां चालू केली. पुढें चेकोस्लोव्हाकियांत स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की व यारोस्लाव्हा ब्रिख्तोवा या पतिपत्नींनीं सांच्यांत कांच वितळवून भल्या मोठ्या आकृति केल्या.

यांतील कसोटी तापविण्यांत नाहीं, निवविण्यांत आहे. तापविण्यास तास लागतात. निवविण्यास दिवस, आणि जाड आकृतीस आठवडे किंवा महिनेहि. बाहेरचा भाग आधीं थंड होऊन आकसतो आणि आंतला मागें राहतो, तर दोघांत ताण पडून वस्तु दुभंगते. म्हणून साडेपांचशें अंशांच्या आसपास भट्टी रोखून धरितात, आणि तेथून पुढें उष्णता फार बेतानें उतरवितात. झांकण उघडून पाहण्याचा मोह ज्याला आवरत नाहीं त्यानें या धंद्यांत पडूं नये.

आमच्या प्रश्नाशीं या कामांतील एका गोष्टीचा निकट संबंध आहे. बाटलीचें बाटलीपण भट्टींत समूळ जातें. तिची मान, तिचा बूड, तिच्यांत काय भरलें होतें त्याची खूण, कांहीं उरत नाहीं. तिचा रंग मात्र राहतो. हिरवी हिरवीच वितळते, कोबाल्टनें निळी झालेली निळीच. तो रंग वर लावलेला नसून धातूच्या अंशाच्या रूपानें तिच्या अंगांत मुरलेला आहे, आणि अग्नि त्यास काढूं शकत नाहीं.

आतां आपल्या गांवांत दारूपायीं घर घालविलेला, किंवा तुरुंगांत वर्षें काढून परत आलेला एखादा मनुष्य डोळ्यांपुढें आणा. त्याच्याविषयीं दोन मतें पडतात. एक म्हणतो, झालें तें गेलें, त्याचें नांव काढूं नका. दुसरा म्हणतो, कुत्र्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वांकडेंच. आमच्या मतें दोघेहि चुकतात, आणि पहिला अधिक सज्जन असून चुकतो. कारण तो त्या मनुष्याकडून असें रंगहीन पारदर्शकपण मागतो कीं जें त्याला कधीं देतां येणार नाहीं. आणि एखादे दिवशीं जुना रंग दिसला कीं हाच सज्जन, आपण फसलों, म्हणून सर्वांच्या आधीं पाठ फिरवितो. हिरव्या बाटलींतून पांढरा दिवा करूं पाहणारा कारागीर शहाणा नव्हे. हिरवें आहे हें ओळखून त्याचें पान करावें. ज्यानें स्वतः रात्रीं गटारांत काढिल्या आहेत, तो मध्यरात्रीं दुसऱ्या दारूबाजाच्या झोपडींत शिरून जें बोलूं शकतो तें आम्हांस बोलतां येणार नाहीं.

तथापि वितळविण्याची ही गोष्ट आम्हांस फार गोड वाटूं लागली म्हणजे आम्ही स्वतःस एक प्रश्न विचारितों: कांच वेंचली कोणीं? 1972 च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील पुष्कळ कुटुंबें पुण्याकडे गेलीं, आणि त्यांतील कित्येक बायकांनीं कचरा निवडून मुलें वाढविलीं. बोटें चिरलीं तर चिंधी बांधून त्या पुन्हां कामास लागत. 1993 सालीं पुण्यांत त्यांची संघटना उभी राहिली. तिचें नांवच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत असें आहे. शिल्पाखालीं शिल्पकाराचें नांव लिहितात. वेंचणारीचें नांव कोणी लिहीत नाहीं, आणि लिहून तिचें पोट भरणारहि नाहीं. पण जो कोणी सुंदर वस्तु करून विकतो त्यानें कांचेचा भाव तरी नीट द्यावा. उकिरड्यावरची वस्तु फुकट असते हा समज वेंचणारीस विचारून केलेला नाहीं.

आणखीहि एक भेद पाहिला पाहिजे. कांहीं गोष्टी हातून निसटून फुटतात, कांहीं हेतुपूर्वक फोडल्या जातात. नवऱ्याची तिरडी उचलण्यापूर्वीं दारांत बसवून जिच्या बांगड्या दगडावर फोडल्या, त्या बाईस, देव मोडलेल्यांतून नवें घडवितो हो, असें सांगणारे उपदेशक आम्ही ऐकिले आहेत. बोलणें खोटें नाहीं. पण तें त्या घटकेस त्या तोंडीं शोभत नाहीं. फोडणारे हात बाजूस उभे असतां फुटलेलीसच वितळण्याचा उपदेश करणें हा अन्याय होय. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामसभेनें मे 2022 मध्यें विधवेच्या बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें इत्यादि चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर गांवांनींहि तसेंच करावें असें परिपत्रक काढिलें. तेथें भट्टीची गरज नव्हती. दगड खालीं ठेवण्याची होती. आपल्या मंडळ्यांतील किती घरांनीं तो ठेविला आहे, हें ज्याचें त्यानें आपल्या घरीं पाहावें. ठराव नसतांहि ही चाल आपल्यांत कोठें कोठें शिल्लक आहे हें आम्हांस ठाऊक आहे.

आमच्या स्वतःच्या एका फजितीची हकीकतहि सांगणें प्राप्त आहे. एका स्नेह्याच्या विजेच्या भट्टींत आम्ही एक हिरवी बाटली व एक पांढऱ्या कांचेची बरणी यांचे तुकडे एकत्र वितळविले. तबकडी फार देखणी निघाली. हिरवा व पांढरा रंग इतके एकजीव झाले होते कीं सांधा बोटास लागेना. ती आम्ही मेजावर ठेविली, आल्यागेल्यास दाखविली, आणि दोन भांडणाऱ्या भावकीचा दाखला देऊन तिच्यावर एक छोटेंसें भाषणहि केलें. तिसऱ्या रात्रीं टण्ण असा आवाज झाला. सकाळीं पाहतों तों हिरव्या व पांढऱ्याच्या बरोबर सीमेवरून ती दुभंगलेली. स्नेह्यानें सांगितलें कीं, दोन्ही कांचा तापतांना सारख्या वितळल्या, पण निवतांना एक अधिक आकसली व एक कमी. ताण पहिल्या दिवसापासूनच आंत होता. वितळतांना जुळलेलें निवाल्यावर टिकेलच असें नाहीं. सारख्या आकसणाऱ्या कांचाच एकत्र घालाव्या, आणि त्या तशा आहेत कीं नाहींत हें आधीं लहान तुकड्यावर पाहून घ्यावें.

ज्या भावकीवर आम्ही भाषण केलें होतें, तिचा समेट एका रात्रींच्या सभेंत, सर्वांचीं अंतःकरणें तापलेलीं असतां झाला होता. गळ्यांत गळे घातले, एका ताटांत जेवले. बांधाचें माप मात्र कोणी घेतलें नव्हतें. पुढच्या पेरणीस तें माप आधीं घ्यावें म्हणून आम्हीं त्या दोन्ही घरीं निरोप पाठविला आहे. तबकडीचे दोन तुकडे अजून आमच्या मेजावर आहेत. कडा घासून घेतल्या आहेत. पत्रें उडूं नयेत म्हणून त्यांवर ठेवितों.